नवपुते मामांनी काढलेलं कार्ड

नवपुते मामांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी लॅबमध्ये रुजू झाले त्याच दिवशी, पहिल्या चहाच्याही आधी. माझं निळं पेन त्यांच्या पेनासारखं होतं. त्यांनी ते टेबलावरून उचललं, उघडलं, आतली रिफील उजेडात धरून पाहिली आणि परत देत म्हणाले, "तुमचंच हाय ताई. माझ्या रिफीलला खूण असती."

मी म्हटलं, "आणि मी ती खूण पुसली असती तर?"

मामा थबकले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि "हुशार हाय बाई" असं पुटपुटत निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी आदराने बोलू लागले आणि माझ्यावर जरा जास्त लक्ष ठेवू लागले.

आमची पॅथॉलॉजी लॅब उस्मानपुऱ्यात होती. पुढे रिसेप्शनला मी, मागे तपासणीची खोली, तिच्या मागे डॉक्टरांची केबिन. मामा लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायचे. शिवाय इन्व्हर्टर, पंखे, नळ, जे बिघडेल ते. वय साठीला टेकलेलं, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. गंगापूरकडचं शेतकरी घर. शिक्षण बेताचं, पण तरुणपणी एका रिपेअरिंगच्या दुकानात बसून कॉम्प्युटर उघडायला शिकले, आणि असे शिकले की नुसत्या आवाजावरून आतलं काय दुखतंय ते सांगत. कामाला माणूस सोन्यासारखा. विश्वास मात्र एका देवावर, आणि त्याच्याही देवळात जाताना चपला पिशवीत घालून आत नेत.

संशय हा त्यांचा मूळ स्वभाव होता की रानाने लावलेली सवय, ते मला कधी कळलं नाही. गावाकडे त्यांच्या आणि चुलतभावाच्या शेतामध्ये एक बांध होता. दर रविवारी ते जीपमध्ये दाटीवाटीने बसून गंगापूर गाठत, पुढे गावी जात, बांधावरच्या दगडापासून स्वतःच्या कडुलिंबापर्यंत पावलं मोजत आणि सोमवारी मला आकडा सांगत.

"बासष्ट भरली."

"गेल्या वेळी किती होती?"

"बासष्टच."

"मग झालं की मामा. बांध जागेवर आहे."

"कसा जागेवर? लिंबाचा बुंधा जाड झालाय का नाय? मंग पावलं कमी भराय पायजे होती. तेवढीच भरली म्हंजे दगड तेच्या अंगाला सरकला." मग आवाज खाली आणून, "तेनं मला जमीन काहून सोडली आसंल? कायतरी डाव हाय."

ऑफिसातही तीच तऱ्हा. एकदा डॉक्टरांनी सांगितलं, सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून ठेवा, तुम्ही नसलात तर अडायला नको. मामांनी लिहिले, पण प्रत्येक पासवर्डात एकेक अक्षर मुद्दाम चुकीचं घातलं. कागद चोरीला गेला तर चोराची फजिती व्हावी म्हणून. पुढे ते तापाने आठ दिवस घरी राहिले आणि फजिती आमची झाली. फोन केला तर म्हणाले, "अक्षर चुकवलंय येवढं आठवतंय. कोणचं, ते नाय आठवत. आन् ताई, फोनवर नका विचारू असलं."

त्यांची जुनी स्कूटर होती. ती लावली की इंजिनाच्या प्लगवरची वायर उपटून खिशात टाकत. कुणी पळवलीच तर चालू होऊ नये, हा बंदोबस्त. एके संध्याकाळी अर्धा तास किका मारूनही स्कूटर चालू होईना. मामांनी वॉचमनला धरलं. तू पेट्रोल काढलंस, तूच घुटमळत होतास दुपारी गाडीपाशी. तो बिचारा देवाच्या शपथा घेतोय, आम्ही चारजण मध्ये पडतोय, इतक्यात घाम पुसायला मामांनी रुमाल काढला आणि रुमालाबरोबर वायर खाली पडली. मामांनी ती उचलली, प्लगवर दाबली, स्कूटर चालू केली आणि जाता जाता वॉचमनला म्हणाले, "पर चोरानं काढली आसती तर?" चूक झाली, हे तोंडातून निघालं नाही. आम्ही त्यावर महिनाभर हसलो. वॉचमन हसला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग लॅबची जागा बदलली. त्याच गल्लीच्या तोंडाला नवी इमारत झाली होती, तिच्या पहिल्या मजल्यावर जायचं ठरलं. हमाल येणार म्हटल्यावर मामांची झोप उडाली. हमाल वाटेत कॉम्प्युटर उघडतील, चांगला माल काढतील, भंगार भरतील. गल्लीची लांबी शंभर पावलं नसेल. पण मामांनी आदल्या दिवशी चारही कॉम्प्युटर उघडले, आतल्या मेमरीच्या पट्ट्या आणि नेटवर्कची कार्डं काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात भरली आणि डबा घरी नेला. रात्री उशाशी ठेवला होता, असं त्यांनीच सांगितलं. सामान हललं, आणि दुसऱ्या दिवशी मामांनी सगळं परत बसवलं. कॉम्प्युटर चालू झाले. फक्त सीबीसीचं मशीन बोलेना.

हे मशीन रक्तपेशी मोजतं आणि आकडे शेजारच्या कॉम्प्युटरला पाठवतं. त्यासाठी त्या कॉम्प्युटरला एक ठरलेला नंबर द्यावा लागतो, घराला असतो तसा. मशीनला तेवढा एकच पत्ता ठाऊक. मामा तो नंबर भरायला गेले की पडद्यावर इंग्रजीत लांबलचक सूचना यायची. मामांनी पहिली ओळ वाचली: हा नंबर आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. तेवढ्यावर त्यांनी ती सूचना बंद केली आणि ताडकन उभे राहिले.

"कुणीतरी आपला नंबर घेतलाय," ते म्हणाले. "आपल्या नेटवर आपल्याच घरात कुणाचंतरी मशीन हाय, आन् ते आपले रिपोर्ट वढतंय."

एरवी डॉक्टरांनी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत दुसरी लॅब उघडली होती आणि आमचे काही नेहमीचे पेशंट तिकडे जाऊ लागले होते. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मामा वायर धरून भिंतीभिंतीने फिरले, चारही कॉम्प्युटर तपासले, माझ्या टेबलाखाली बॅटरी मारून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "घरून मशीन कोण आणतं?"

सुनीता आणायची. सुनीता गायके, आमची टेक्निशियन. तिशीची, हसरी, हात असा हलका की सुई टोचली तरी लहान मूल आईकडे बघत राहायचं. तीही गंगापूर तालुक्यातलीच. बाहेरून बी.एस्सी. करत होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून अभ्यास करायची. तिची नोकरी हंगामी होती. कायमचं पत्र त्या महिन्याच्या अखेरीस देतो, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं, एवढं आम्हाला माहीत होतं. नवऱ्याचा विषय ती काढत नसे.

लॅपटॉप मागितला. तिने लगेच दिला. डॉक्टरांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मामा म्हणाले, "पेनड्राइव्ह बी आसंल," आणि तिची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

रिसेप्शनमध्ये पाच-सहा पेशंट बसले होते. पुस्तक पडलं, डबा पडला, ओढणीची पिन, बसचा पास, आणि औषधाच्या दोन पट्ट्या. पेनड्राइव्ह नव्हता. लॅबमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांनाच औषधांची नावं पाठ असतात. ती दारू सोडवायची गोळी होती. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. सुनीताने पट्ट्या मुठीत घेतल्या, बाकीचं सामान एकेक करून पिशवीत भरलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. चौकशी होऊ दे." ती गेली. हे सगळं माझ्या टेबलावर झालं आणि मी एक शब्द बोलले नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी, वरिष्ठ बोलत असताना मान खाली घालायची हे रक्तातच आहे. पण त्या दिवशीची लाज काही केल्या जात नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. लॅपटॉप कुलुपात, सुनीता घरी, आणि पडद्यावरची सूचना मात्र तीच. मामांनी तीनदा नंबर भरला, तिन्ही वेळा तेच उत्तर. मग ते माझ्यापाशी आले. आवाज जरा निराळा होता.

"ताई, तुमचं विंग्रजी चांगलं हाय. हे आखीरपर्यंत वाचा बरं."

मी खुर्ची ओढून वाचलं आणि मराठीत सांगितलं. हा नंबर आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते कार्ड आता या कॉम्प्युटरमध्ये नाही.

"परत वाचा."

मी परत वाचलं. मामांनी कॉम्प्युटरची बाजूची झडप काढली आणि आत बघत बसले. आत तीन खाचा होत्या. कार्ड मधल्या खाचेत होतं. वरच्या खाचेच्या कडेला धूळ नव्हती, इतक्या वर्षांच्या कार्डाचा चौकोनी डाग तेवढा होता. डब्यातून काढून परत बसवताना मामांनी कार्ड एक खाच खाली बसवलं होतं. ते समजावून सांगू लागले, मला वाटतं स्वतःलाच. जागा बदलली की कॉम्प्युटरला ते कार्ड नवंच वाटतं. जुन्या जागेवरचं कार्ड गेलं असं तो धरून चालतो, पण त्याचा नंबर, त्याची सगळी मांडणी सांभाळून ठेवतो, न जाणो परत आलं तर. त्यांनी पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात एक ओळ टाइप केली, मग यंत्रांची यादी उघडून लपलेली दाखव म्हणून सांगितलं. यादीत एक नाव फिकट अक्षरांत उमटलं. तेच कार्ड, तेच नाव, आणि नंबर त्याच्याकडे.

मामांनी ते फिकट नाव निवडलं आणि काढून टाकलं. मग नंबर भरला. या वेळी सूचना आली नाही. शेजारी सीबीसीचं मशीन जागं झालं आणि अडलेले आकडे भराभर पडद्यावर येऊ लागले.

मामा हलले नाहीत. मीही नाही. खरं सांगते, माझ्या मनात आलं ते हे, की आता हा माणूस गप्प बसणार. लॅपटॉप काढून घेतला म्हणून मशीन चालू झालं, एवढंच सांगायचं होतं. माझ्याखेरीज खोटं पकडणारा एकच जण होता आणि तो हाच. वॉचमनच्या वेळचं "पर चोरानं काढली आसती तर" मला आठवलं. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, अगदी मामा इतरांकडे बघत तसं.

"ताई, चला," मामा म्हणाले. "साक्षीला कुणीतरी पायजे."

केबिनमध्ये त्यांनी एका दमात सांगितलं. "साहेब, त्या पोरीचा काय बी संबंध नाय. गफलत माझी हाय. कार्ड मी काढलं, मीच चुकीच्या खाचेत घातलं."

मला वाटलं, सुटली सुनीता. पण डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि मामांकडे बारीक डोळ्यांनी पाहू लागले. "काल तुम्हीच म्हणालात तिने केलं. आज म्हणता मी केलं. लॅपटॉप कुलुपात गेल्यावर मशीन चालू झालं, हे मी बघतोय. ती तुमच्याच तालुक्यातली ना, नवपुते? नात्यात आहे का कुणी?"

मामांचं तोंड उघडं राहिलं. उभ्या जन्मात त्यांच्यावर कुणी संशय घेतला नसावा. सगळ्या लॅबला त्यांनीच शिकवलं होतं, कुणी सरळ सांगत असेल तर त्याच्यामागे काय आहे ते बघा म्हणून, आणि डॉक्टर ते चांगलं शिकले होते. मामा एकदा माझ्याकडे बघत, एकदा छताकडे. मग बाहेर गेले. मला वाटलं संपलं. पाच मिनिटांनी ते सीबीसीचा कॉम्प्युटर छातीशी धरून आत आले. माझ्याकडून पडदा आणि की-बोर्ड आणवला. डॉक्टरांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून सगळं मांडलं.

"साहेब, लॅपटॉप कुठं हाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"चावी?"

"माझ्या खिशात."

"हात लावून बघा खिशाला."

डॉक्टरांनी खरोखर लावला. मामांनी कार्ड काढलं, त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि सर्वांत खालच्या खाचेत बसवलं. कॉम्प्युटर चालू केला. नंबर भरला. सूचना आली, शब्दन् शब्द तीच. "ताई, वाचा. आखीरपर्यंत." मी मोठ्याने वाचलं. मामांनी लपलेली यादी उघडली, फिकट नाव दाखवलं, काढलं, पुन्हा नंबर भरला. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतला.

"म्या काल पैलीच वळ वाचली साहेब," मामा म्हणाले. "दुसरी वाचली आसती तर त्या लेकराची पिशवी उघडली नसती."

डॉक्टरांनी किल्ली काढली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "गायकेंना फोन लावा."

सुनीता सोमवारी आली. महिनाअखेरीस तिला पत्रही मिळालं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण लॅबमध्ये ती संपली नाही. आता प्रत्येक जण सुनीताशी हळू आवाजात बोलू लागला. "मिस्टर कसे आहेत गं?" "गोळीने फरक पडतो का?" "माझ्या मावशीच्या दिराला अमुक बाबांचा गुण आला, तमुक ठिकाणी नेऊन बघ." चांगल्या मनानेच विचारत, आणि ती दरवेळी "बरे आहेत" म्हणून काचपट्ट्यांकडे वळायची. सुट्टीत डबा घेऊन ती गच्चीच्या जिन्यात जाऊन बसू लागली.

मामांनी तिची माफी मागितली ती माझ्यासमोर. दारात उभे राहून, टेस्टर हातात फिरवत म्हणाले, "पोरी, कार्डाची गफलत माझी."

"मामा, कार्डाचं मी केव्हाच सोडून दिलं," ती म्हणाली. "पिशवीचं काय करू?"

मामांनी टेस्टर खिशाला अडकवला. मग म्हणाले, "तेचं काय बी नाय करता येत." आणि गेले.

थोड्याच महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. गुडघे दुखतात म्हणाले. त्यानंतर दोनदा मला ते रस्त्यात दिसले, दोन्ही वेळा शनिवारी, स्कूटर हर्सूलच्या दिशेने चाललेली आणि मागे एक वाळका, दाढी वाढलेला माणूस. आमच्या शहरात हर्सूल म्हटलं की आधी जेल आठवतं. माझ्या मनात नको ते आलं. भाऊबंदकी तर नाही पेटली? बांधावरून काही झालं असेल, कुणी आत असेल, हा वकिलाचा माणूस असेल. लॅबमध्ये मी हे सुनीताला रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"ते माझे मिस्टर आहेत मॅडम," ती म्हणाली. "हर्सूलला दारू सोडलेल्यांची बैठक असते, शनिवारी. मला शनिवारी सुट्टी नसते, आणि ते एकटे निघाले की वाटेतच थांबतात. मामांनी एकदा विचारलं, त्यांना कोण नेतं. मी म्हटलं कुणी नाही. पुढच्या शनिवारी दारात स्कूटर." मग ती म्हणाली, "मी अजून मामांशी नीट बोलत नाही. तरी येतात." मला माझ्याच बडबडीची शरम वाटली.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते हर्सूललाच. तलावाच्या बाजूला माझी नणंद राहते, तिच्याकडून परतताना. एका बैठ्या इमारतीसमोर स्कूटर उभी होती आणि तिच्यावर मामा बसले होते. ऊन चांगलंच होतं. मी रिक्षा थांबवली.

"किती वेळ बसता असे?"

"दोन घंटे. कधी आडीच."

"आत डोकावून येत नाही? सुनीताचा नवरा बसलाय तरी का, की गेला मागच्या दाराने?"

"मागं दार हाय," मामा म्हणाले. "मला पैल्या दिवसापासून मालूम हाय."

"मग?"

"मंग काय? म्या हितंच बसतो."

त्यांनी रुमाल पाण्याने भिजवून डोक्यावर टाकला आणि समोरच्या दाराकडे बघत राहिले.